बंद दाराचा रिकामा पिंजरा

मी एक जुना पिंजरा आहे, मित्रांनो. पिंजरा म्हटलं की तुमच्या डोळ्यांपुढे पोपट येईल, हिरवी मिरची येईल, "बोलतो का हो तुमचा पोपट?" असं विचारणारे पाहुणे येतील. तसलं काही मनात आणू नका. मी उंदराचा पिंजरा आहे. पाहुणे आले की मला पायाने फळीखाली सरकवतात. आपल्याकडे उंदीर आहेत हे कुणालाच चारचौघांत सांगायचं नसतं, आणि मी दिसलो की ते न सांगताच कळतं. त्यामुळे लाज माझ्या पाचवीलाच पुजलेली आहे. पण आज मी सांगणार आहे ती लाज निराळी आहे.

एका अरुंद गल्लीत जाळीवाल्याच्या दुकानात माझा जन्म झाला. जाळीवाला जमिनीवर बसून पायाच्या अंगठ्यात तार धरायचा आणि पकडीने पीळ द्यायचा. तारेच्या एकाच भेंडोळ्यातून तो पोपटाचे पिंजरे करायचा आणि उरलेल्या तारेतून आम्हांला. पोपटाच्या पिंजऱ्यांना घुमट असायचा, झोका असायचा, आणि ते दुकानाच्या दर्शनी भागात टांगलेले असायचे. आम्ही मागे, एकावर एक रचलेले. गिऱ्हाईक आलं की जाळीवाला म्हणायचा, पोपटाचा पिंजरा दिसायला हवा आणि उंदराचा मिटायला हवा. तेव्हा आम्हांला त्याचा अभिमान वाटायचा. आपण नुसते शोभेचे नाही, कामाचे आहोत, असं आम्ही एकमेकांना सांगायचो.

माझी रचना सांगतो, कारण पुढची गोष्ट तिच्यावरच उभी आहे. खाली पत्रा, बाकी सगळीकडे जाळी आणि एका टोकाला पत्र्याचं दार. दार वरच्या बाजूला बिजागरीवर बसवलेलं. ते वर उचलून एका तारेला अडकवायचं. आत आकडा असतो, त्याला पावाचा तुकडा लावायचा. उंदराने तुकडा ओढला की तार सुटते आणि स्प्रिंग दाराला खाडकन खाली ओढते. आतल्या उंदराला दाराच्या खालच्या कडेला तोंड लावता येत नाही, कारण तिथे पत्र्याची उभी पट्टी आहे. बाहेरून मात्र माणसाला बोट घालता यावं म्हणून ती कडा जराशी वळवलेली आहे. म्हणजे मी आतून उघडत नाही, बाहेरून उघडतो. हे एवढं ध्यानात ठेवा.

मला एका भट्टीवाल्याने विकत घेतलं. पाव, टोस्ट आणि बिस्किटं करायची त्याची छोटी बेकरी होती. पुढे दुकान, मध्ये भट्टीची खोली, मागे मैद्याची कोठी आणि वर राहायचं घर. मैदा, साखर, तूप अशी उंदरांची चैन असलेल्या त्या कोठीत मला ठेवलं आणि पहिल्याच दिवशी मी मिटलो. भट्टीवाल्याने मला वर उचलून सगळ्यांना दाखवलं. "वाघ आहे वाघ," असं तो म्हणाला. मी फुशारून गेलो. त्यानंतर नळाखाली बादली भरली गेली. त्यापुढचं मी सांगत नाही. तुम्ही लहान आहात म्हणून नाही, मलाच ते सांगवत नाही.

अशी काही वर्षं मी चोख नोकरी केली. मग उंदीर कमी झाले, भट्टीवाल्याने एक मांजर पाळलं, आणि माझी रवानगी माळ्यावर झाली. तिथे एक फुटका साचा, भोकं पडलेली चाळण आणि मी असे पडून राहिलो. माझ्यावर गंज चढला, कोळ्यांनी संसार थाटले. खाली पहाटे भट्टी पेटायची, पाव फुगल्याचा वास वर यायचा, माणसांची बोलणी ऐकू यायची. कुणाला माझी आठवण नव्हती. तेव्हा वाईट वाटायचं. आज वाटतं, तेच माझे बरे दिवस होते.

त्याच काळात त्या घरात ताई आली. ताई म्हणजे भट्टीवाल्याची थोरली बहीण. नवरा गेल्यावर ती काही दिवस दिराकडे राहिली होती, पण तिथे तिच्या ताटात पडणारा प्रत्येक घास कुणीतरी मोजत असायचं. मग भट्टीवाल्यानेच जाऊन तिला आणलं. बेकरी सुरू झाली तेव्हा पीठ मळायला माणूस मिळत नव्हता, आणि हीच ताई स्वतःचं घर सांभाळून पहाटे येऊन कोपरापर्यंत पिठात हात घालून उभी राहायची. ते तो विसरला नव्हता. मिशा पिकल्या तरी ती त्याला बाळ्याच म्हणायची, आणि गिऱ्हाइकांसमोर म्हणायची, तेव्हा तो उगाच मिशीला हात लावायचा.

ताईची एक खोड होती. तिच्या हातून काहीही मिटत नसे. साखरेच्या बरणीतून साखर काढली की झाकण बाजूला आणि बरणी उघडी. तुपाच्या डब्याचं तेच, कपाटाचं तेच, मागच्या दाराच्या कडीचं तेच. ती खोलीतून जाऊन आली की मागे सगळं आ वासून उभं असायचं. भट्टीवाल्याची बायको, म्हणजे मालकीण, तिच्या मागून झाकणं लावत फिरायची. "ताईंना चोरी करता यायची नाही," मालकीण गिऱ्हाइकांना सांगायची, "कुठं कुठं हात घातला ते उघडंच राहील." ताईसुद्धा हसायची. ही घरातली जुनी थट्टा होती आणि ती सगळ्यांना पाठ होती. सगळ्यांना पाठ असूनही वेळेला कुणालाच आठवली नाही, मित्रांनो, हीच या गोष्टीतली खरी गोम आहे.

मांजर म्हातारं होऊन गेलं आणि उंदरांना रान मोकळं झालं. एके दिवशी तपासणीचे साहेब आले. कोठीत कुरतडलेलं पोतं आणि लेंड्या बघून त्यांनी नाकाला रुमाल लावला. पुढच्या वेळी उंदराची निशाणी दिसली तर बेकरीला टाळं लागेल, असं ते भट्टीवाल्याला त्याच्याच दुकानात उभं राहून, गिऱ्हाइकांच्या देखत सांगून गेले. भट्टीवाल्याचा चेहरा पडला. त्या संध्याकाळी तो शिडी लावून माळ्यावर चढला, कोळ्यांना झटकलं आणि मला खाली घेऊन आला. तेल घातलं, घासलं, आकड्याला टोस्ट लावला. मी पुन्हा कामावर रुजू झालो.

बेकरीत रात्र फार लहान असते. पहाटेच्या आधी उठायचं, म्हणून दुपारी जेवणं झाली की भट्टीवाला आणि मालकीण वर जाऊन आडवी व्हायची. ताईला दुपारची झोप येत नसे. ती भट्टीच्या खोलीत बसून संध्याकाळच्या पावासाठी साच्यांना तेल लावत राहायची. मागे कोठीत मी आणि पोती. उंदरांचा वावर त्याच वेळी असायचा. पहिल्याच दुपारी एक जण आत आला, टोस्ट ओढला, आणि मी खाडकन मिटलो. आवाज वरपर्यंत गेला. भट्टीवाला झोपेतच "सापडला" असं पुटपुटला आणि कुशीवर वळला.

आत तो उंदीर गोल गोल फिरला. जाळीला नाक लावलं, पट्टीवर पंजे घासले आणि बारीक आवाजात ओरडायला लागला. हे मला नवीन नव्हतं. नवीन होतं ते पुढे. पोत्यामागून दुसरा एक उंदीर आला. तो पळून गेला नाही. माझ्याभोवती फिरला, जाळीतून आतल्याच्या नाकाला नाक लावलं, आणि मग दाराशी येऊन त्या वळलेल्या कडेखाली तोंड घातलं. पहिल्यांदा दार हललंही नाही. तो मागे झाला, पुन्हा आला. किती वेळ चाललं कुणास ठाऊक. शेवटी त्याने डोकं आणि खांदे दाराखाली घुसवले, स्प्रिंगचा सगळा दाब मानेवर घेतला आणि तसाच तग धरून राहिला. आतला त्याच्या बगलेतून सरपटत बाहेर निघाला. मग यानेही मान सोडवली आणि दोघं पोत्यामागे गेले. त्यांच्या पाठीमागे माझं दार आपोआप पुन्हा मिटलं.

इतकी वर्षं मी मिटत आलो होतो. मला कुणी उघडायला आलं होतं ते फक्त बादली भरल्यावर. मी थक्क झालो. आणि खरं सांगतो, त्याच वेळी मला शरमही वाटली. ज्याच्या अंगात मूठभरही मांस नाही, त्याने मानेवर झेललेला तो दाब माझा होता.

दुपार टळल्यावर भट्टीवाला आला. दार बंद, टोस्ट गायब, पत्र्यावर लेंड्या, आणि आत कुणी नाही. त्याने मला उलटं करून बघितलं. दुसऱ्या दिवशी तेच, तिसऱ्या दिवशी तेच. मग तो मला घेऊन जाळीवाल्याकडे गेला. जाळीवाला म्हातारा झाला होता, त्याने मला ओळखलं, बोट घालून चार वेळा उघडझाप केली आणि पिंजऱ्यात काही दोष नाही म्हणून सांगितलं. पण भट्टीवाल्याचं समाधान होईना, तेव्हा जाळीवाल्याने जुनी स्प्रिंग काढून जाड, ताठ अशी नवी बसवली. मी मिटलो तो आवाज अख्ख्या गल्लीत गेला. शेजारच्या दुकानातला माणूस दचकून बघायला आला. सगळे म्हणाले, आता हत्तीही सुटायचा नाही. मित्रांनो, मी त्या शब्दांनी सुखावलो. पोत्यामागचा तो उंदीर मला त्या क्षणी आठवला नाही.

आठवला दुसऱ्या दुपारी. तो आला, कडेखाली तोंड घातलं आणि ताठ स्प्रिंगने दार त्याच्या कानावर आणलं. कान फाटला. तो किंचाळून मागे गेला. मला वाटलं, संपलं. पण आतला ओरडतच होता, आणि तो फाटक्या कानाने पुन्हा आला. दोघं गेल्यावर दाराच्या कडेला रक्ताचा डाग राहिला.

भट्टीवाल्याने तो डाग पाहिला. त्यावर बोट फिरवून बघितलं. मग मला हातात घेऊनच भट्टीच्या खोलीत आला. ताई साच्यांना तेल लावत होती आणि तिच्या बोटाला चिंधी बांधलेली होती. सकाळी गरम पत्र्याने भाजलं होतं, ते साऱ्या घराने पाहिलं होतं. फक्त तो तेव्हा पाव घेऊन बाहेर गेलेला होता. बोटाला काय झालं, असं त्याने विचारलं. भाजलं, असं ती म्हणाली. तो "हं" म्हणाला आणि वर गेला. त्या "हं"मध्ये काय होतं ते ताईला कळलं नाही, पण मला कळलं, कारण त्याचे डोळे माझ्या दारावरून तिच्या बोटावर जाताना मी पाहिले होते.

रात्रीच्या जेवणाच्या वेळी मालकीण आपली गमतीत म्हणाली, "उंदीर एकवेळ दार उघडून जाईल, पण मागे लावून घेईल का? एवढी रीतभात तर माणसांतसुद्धा राहिली नाही." ती हसली, ताई हसली. भट्टीवाला हसला नाही. त्याच्या डोक्यात ते वाक्य घर करून बसलं. दार लावून घेणारा हात हवा. दुपारी जागं कोण असतं? कोवळ्या मनाचं कोण? लहानपणी त्याने टोपलीखाली पकडलेली चिमणी कुणी सोडून दिली होती? एकेक जुनी गोष्ट उकरून काढत त्याने मनातल्या मनात खटला चालवला आणि निकालही दिला. एकदा संशयाचं भूत मानगुटीवर बसलं की माणसाला सगळे पुरावे आपल्या बाजूचेच दिसतात.

दोन दिवस त्याने अबोला धरला. तिसऱ्या दिवशी मी पुन्हा बंद आणि रिकामा सापडलो, तेव्हा तो मला तसाच उचलून भट्टीच्या खोलीत घेऊन आला आणि पीठ मळायच्या फळीवर, ताईच्या पुढ्यात, आदळला.

"ताई, तुला उंदरांची दया येते, येऊ दे," तो म्हणाला. "पण टाळं माझ्या भट्टीला लागणार आहे. ज्या घरात राहतेस त्याची तरी दया येऊ दे."

ताईला आधी काही उमगलंच नाही. उमगलं तेव्हा तिचा हात साच्यावर तसाच थांबला. आपण आवाज ऐकतो, पण जीव घाबरतो म्हणून कोठीकडे फिरकतही नाही, एवढंच ती म्हणाली. शपथ घेतली नाही, रडली नाही. तो तिच्या बोटाच्या चिंधीकडे बघत राहिला. तिने ते पाहिलं, हळूच चिंधी सोडली आणि भाजल्याचा फोड त्याच्यासमोर धरला. तोवर तो पाठ फिरवून निघाला होता. फोड पाहिला तो मी.

मी तिथेच फळीवर होतो, मित्रांनो. सगळं ठाऊक असलेला मी एकटा, आणि मला तोंड नाही. उघडझाप करणारं एक दार आहे, तेही दुसऱ्याच्या हाताने. त्या दिवशी मला माझ्या प्रत्येक तारेची लाज वाटली. निर्दोष बाईविरुद्धचा पुरावा म्हणून मला तिच्यापुढे ठेवलं होतं, आणि मी चकचकीत दिसत होतो.

संध्याकाळी ताईने सांगितलं की ती दिराकडे जाते. उद्या पावाचं पीठ मळून देते आणि संध्याकाळच्या गाडीने निघते. मालकीण हादरली. तिने समजूत घातली, आपल्या थट्टेचा एवढा विपर्यास होईल असं वाटलं नव्हतं, असं चार वेळा सांगितलं. ताई म्हणाली, तुझं काही चुकलं नाही. भट्टीवाला ऐकत ऐकत गल्ल्यातले पैसे मोजत राहिला. त्याला थांब म्हणायचं होतं की नाही, कुणास ठाऊक. पण थांब म्हणण्याआधी आपणच बरोबर होतो हे त्याला सिद्ध करायचं होतं. माणूस हट्टाला पेटला की त्याला बहिणीपेक्षा आपला शब्द जवळचा वाटतो.

म्हणून दुसऱ्या दिवशी दुपारी जेवण झाल्यावर झोपायला जातो असं सांगून तो मागच्या दाराने उतरला आणि कोठीत पोत्यांच्या आड दबा धरून बसला. हातात काठी नव्हती. काठी उंदरासाठी लागते. तो ताईला रंगेहाथ पकडायला बसला होता. मैद्याने त्याला शिंका येत होत्या आणि तो नाक चिमटीत धरून त्या गिळत होता. पन्नाशीचा माणूस लहानपणी लपंडावात बसायचा तसा गुडघे पोटाशी घेऊन बसला होता. एरवी मला हसू आलं असतं.

बऱ्याच वेळाने एक उंदीर आला. टोस्ट ओढला. मी मिटलो. भट्टीवाल्याने भट्टीच्या खोलीच्या दाराकडे डोळे लावले. आता ताई येणार. पलीकडून साचे एकमेकांवर ठेवल्याचा आवाज येत होता, तो तसाच चालू राहिला. ताई आली नाही. आला तो फाटक्या कानाचा.

भट्टीवाल्याच्या पायाशी एक पोतं फाटून बिस्किटांचा चुरा सांडला होता. उंदराने त्या चुऱ्याकडे ढुंकून पाहिलं नाही. आतला ओरडत होता, हा सरळ माझ्या दाराशी आला. कान अजून बरा झाला नव्हता. त्याने तोच कान खाली घेऊन कडेखाली तोंड घातलं. दार थोडं उचललं, खाली आलं. पुन्हा उचललं. पत्र्यावर नखं घसरल्याचा आवाज होत होता. भट्टीवाला शिंक विसरला. त्याचं तोंड उघडं पडलं होतं. मग उंदराने खांदे आत घातले आणि नवी स्प्रिंग सगळ्या जोरानिशी त्याच्या मानेवर बसली. आतला अंग चोरून, त्याच्या पोटाला घासत बाहेर निघाला आणि पळाला. पण याला निघता येईना. पुढचा पाय दार आणि पट्टीच्या फटीत अडकला होता. तो ओढत होता आणि जितकं ओढेल तितकं दार घट्ट बसत होतं. हळूहळू त्याचं ओढणं मंदावलं.

मी काय करणार होतो? मला मिटायलाच बनवलं होतं. त्या क्षणी मला कुणी विचारलं असतं, तर मी सांगितलं असतं की मला पुन्हा तारेचं भेंडोळं करून टाका.

भट्टीवाला पोत्यांमागून उठला. गुडघ्यांवर माझ्यासमोर बसला. उंदीर त्याच्याकडे बघत होता, कारण दुसरीकडे मान वळवता येत नव्हती. भट्टीवाल्याने दाराच्या कडेखाली बोट घातलं. घाईत स्प्रिंगने बोटाला चावा घेतला, रक्त आलं, पण त्याने दार सोडलं नाही. वर उचलून धरलं. उंदराने पाय सोडवला, क्षणभर तिथेच धापा टाकल्या आणि लंगडत पोत्यामागे निघून गेला.

तेवढ्यात पाठीमागे साचा खाली पडल्याचा आवाज झाला. ताई दारात उभी होती. जायच्या आधी पीठ झाकायला रिकामं पोतं हवं होतं, म्हणून ती आली होती. तिच्यासमोर तिचा भाऊ गुडघ्यांवर बसलेला, एका हाताने माझं दार उचलून धरलेलं, बोटातून रक्त वाहतंय, आणि उंदराचं शेपूट पोत्यामागे नाहीसं होतंय.

पकडायला बसलेला माणूसच रंगेहाथ पकडला गेला होता.

"सोडलास?" ताईने विचारलं.

"अडकला होता गं," तो म्हणाला. मग त्याने सगळं सांगितलं, तुटक तुटक, जमिनीकडे बघत. आपण का लपलो होतो तेसुद्धा सांगितलं. ते त्याने लपवलं असतं तर चाललं असतं, पण त्याने लपवलं नाही. तिने त्याचा हात ओढून घेतला, कालची बोटाची चिंधी तिच्या कमरेला खोचलेली होती, ती काढून त्याच्या बोटाला बांधली.

गाठ मारून झाल्यावर ती म्हणाली, "बाळ्या, एक सांग. या घरात मी उघडलेलं काही, मी कधी लावलंय का?"

भट्टीवाल्याने वर पाहिलं. ती ज्या दारातून आली होती ते सताड उघडं होतं. त्यापलीकडे फळीवर साखरेची बरणी, झाकण शेजारी. तेलाची किटली, झाकण शेजारी. मागच्या भिंतीतलं कपाट उघडं. आणि त्याच्या गुडघ्यापाशी मी, बंद. रोज बंद, रोज रिकामा. ताईने उंदीर सोडला असता तर माझं दार संध्याकाळपर्यंत आ वासून उभं राहिलं असतं. हे त्याला कळायला दबा धरायची गरज नव्हती, उंदराची साक्ष काढायची गरज नव्हती. आपल्या बहिणीला ओळखत असल्याचं नुसतं आठवलं असतं तरी पुरलं असतं.

तो तिथेच पोत्यावर बसला आणि त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. मैद्याच्या पोत्याला टेकल्यामुळे त्याची पाठ पांढरी झाली होती. ताई नेहमी जशी झटकायची तशी तिने ती झटकली आणि पीठ झाकायला निघून गेली. ती त्याच्यावर रागावली नाही, आणि रागावली नाही म्हणून तो जास्तच खचला.

काही वेळाने तो वर गेला. ताईची पेटी बांधून दाराशी ठेवली होती. त्याने दोरी सोडली, झाकण उघडलं आणि ते तसंच उघडं टाकून खाली आला. त्या घरात इतक्या वर्षांत ताई सोडून झाकण उघडं टाकणारा तो पहिलाच. संध्याकाळी, मालकिणीच्या देखत, त्याने ताईला चुकलो म्हणून सांगितलं. गिऱ्हाइकं उभी होती, तरी सांगितलं. आरोप केला तेव्हा आवाज भट्टीच्या खोलीबाहेर गेला होता, मग माफीही दुकानापर्यंत जायला हवी, असं त्याला वाटलं असावं. गाडीची वेळ टळून गेली. ताई तेव्हा पावाचे साचे भट्टीत सारत होती.

बेकरीला टाळं लागलं नाही. उंदरांशी दोस्ती झाली असंही नाही. मैदा आणि उंदीर एका खोलीत नांदू शकत नाहीत, हे मलाही कळतं. भट्टीवाल्याने गवंडी बोलावून कोठीची बिळं आणि मोरीची भोकं बुजवली, पण आधी एक मागचं भोक चार दिवस मोकळं ठेवलं, ज्यांना जायचं त्यांना जाऊ दिलं, मग तेही बुजवलं. मैदा पत्र्याच्या उंच पिंपांत गेला. साहेब आले, वाकून वाकून बघून गेले आणि त्यांना काही सापडलं नाही.

फाटक्या कानाचा तो उंदीर मला पुन्हा दिसला नाही. आत सापडणारे त्याचे कोण होते, भाऊ, पिल्लू की नुसते शेजारी, मला माहीत नाही. त्याने तसं का केलं हेही मी सांगू शकत नाही. कदाचित आतल्याचं ओरडणं त्याला सहन होत नसेल. मला मात्र ते वर्षानुवर्षं सहन झालं होतं. मी तारेचा होतो ही माझी सबब आहे. ती मला पुरत नाही.

मित्रांनो, मुकं जनावर काय जाणतं, असं कुणी म्हणालं तर माझी आठवण ठेवा. आणि कुणावर बोट रोखायची वेळ आली तर आधी त्या माणसाला आठवा, तुम्ही ज्याला ओळखता त्याला. दाराच्या कडेला बोट लावायला फार जोर लागत नाही. जेवढा लागतो, तेवढा तुमच्याकडे आहे.

भट्टीवाल्याने पकडीने माझी स्प्रिंग काढली, बिजागरीतून दार निखळवलं आणि भंगारात टाकलं. आता मी भट्टीच्या खोलीत एका खिळ्याला टांगलेला असतो, पोपटाच्या पिंजऱ्यासारखा, चांगला दर्शनी. ताई माझ्यात झाकणं ठेवते. साखरेचं, तुपाचं, तेलाच्या किटलीचं, सगळ्या बरण्यांची झाकणं. तिने स्वतः त्यातलं एकही अजून जागेवर लावलेलं नाही. रोज काम आवरलं की भट्टीवाला माझ्यापाशी येतो, हात घालून एकेक झाकण काढतो, आणि तिच्यामागून ती लावत जातो.